एका दिवसाचं पाळणाघर

बिरवाडी, ता. महाड
२० एप्रिल १९९७

ती. वन्संना,
पाया पडते.

पोलादपूरच्या स्टँडवर गणूला तुमच्या कडेवर देऊन मी गाडीत चढले ते मागे वळून पाहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय दगडाची बाई आहे. पाहिलं असतं तर उतरले असते, म्हणून पाहिलं नाही.

काम मिळालं. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम आहे. पट्ट्यापुढे उभं राहायचं, बसायला काही नाही. सगळ्या पोरीच आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे. हा ठेकेदार लग्न झालेली बाई घेत नाही. पोरवाली तर दारात उभी करत नाही. म्हणतो, तिचं अर्धं लक्ष घरी आणि उरलेलं दवाखान्यात. मला हे गेटवर कळलं. तुमच्या बंधूंना आधीच माहीत होतं. पुण्याहून येऊन ठेकेदाराशी बोलणं त्यांनीच केलं ना, तर त्याला सांगितलं, ‘माझी चुलतबहीण आहे, लग्नाची आहे अजून.’ मला बाजूला घेऊन म्हणाले, कायम झालीस की खरं सांगू, तोवर दम धर. स्वतःच्या नवऱ्यानं चारचौघांत बहीण म्हटल्यावर मी काय बोलणार? ते बेकरीच्या कामावर पुण्याला परत गेले आणि मी इथे कुमारी झाले.

मंगळसूत्र पावडरच्या डब्यात ठेवलंय. गावी येताना पोलादपूरच्या स्टँडवर घालीन आणि जाताना तिथेच काढीन. सासूबाईंना यातलं काही सांगू नका. त्यांना वाटेल मी त्यांच्या लेकाच्या जिवावर उठले.

कार्ड पाठवू नका, खोलीत आम्ही चौघी आहोत आणि कार्ड चौघींचं होतं. बंद पत्र पाठवा, आणि वर नावाआधी कु. लिहा.

दूध अजून येतं. पट्ट्यापुढे उभी असताना कुठून तरी मूल रडल्याचा भास होतो आणि पोलकं भिजतं. माझ्या माहेरी मूल गेलेल्या बाईला दूध आटायला छातीशी मोगरा बांधतात. तसा मी बांधते. पोरी चिडवतात, ‘कोनासाठी गो येवढा मोगरा?’ मी हसून घेते.

कायम झाले की वेगळी खोली घेणार आणि गणूला इथे आणणार. त्याच्यासाठीच हे सोंग आहे. तोवर तो तुमच्या पदरात. त्याला मला विसरू देऊ नका, एवढंच मागते.

तुमची,
ज्योती

०

वरची वाडी, उमरठ
४ मे १९९७

चि. सौ. ज्योतीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या सांगण्याप्रमाणे कुमारी लिहिलंय. पोष्टमन विचारत होता, ‘तुळसाक्का, तुमच्या घरात कुमारी कोन ऱ्हायली?’ मी म्हटलं, ‘तुला काय करायचं हाय? थळ घेऊन आलायस काय?’ पण आत मी सौ.च लिहिणार. बाहेरचं कंपनीचं, आतलं माझं.

रावजीचं मला नवल वाटलं नाही. माझा भाऊ असला तरी त्याची धाव मला ठाऊक आहे. मला सासरच्यांनी घरी आणून टाकलं तेव्हा हाच म्हणाला होता, आक्का, जमवून घे. सवत आणली तरी जमवून घे. आता तुला म्हणतो दम धर. मूल नाही म्हणून मला नांदवली नाही, मूल आहे म्हणून तुला कामाला ठेवत नाहीत. बाईला नेमकी किती पोरं हवीत ते एकदा सगळ्यांनी बसून ठरवा म्हणावं, म्हणजे तेवढीच होऊ देऊ.

गणू पहिले काही दिवस दाराकडे तोंड करून बसायचा. आता शेळीचं दूध पितो. नाचणीची आंबील ओठाला लावली की जीभ काढतो. आई त्याला मांडीवर घेऊन झोपवायला बघते, पण तिच्या मांडीची हाडं टोचतात त्याला, तो सरकत सरकत माझ्याकडे येतो.

विसरू देऊ नका म्हणालीस. लेकराच्या डोक्यात काय राहतं आणि काय गळतं ते माझ्या हातात आहे का? मी आपली रोज त्याला घास भरवताना तुझं नाव घेते. काऊचा, चिऊचा, आणि तुझ्या नावाचा एक.

मोगरा फार बांधू नकोस. एकदा आटलं की परत येत नाही.

तुळसा

०

बिरवाडी
१४ सप्टेंबर १९९७

ती. वन्संना,
पाया पडते.

गणपतीला एकच दिवस आले आणि तोंड फुगवून गेले, असं सासूबाई म्हणाल्या असतील. तोंड कशानं फुगलं ते तुम्हाला माहीत आहे. मी वरणभात कालवून त्याच्या तोंडात घास घातला आणि त्यानं अंग शहारून थुंकला. दुसरा घातला, तोही थुंकला. त्याच ताटातला तोच भात तुम्ही भरवलात आणि तो मुकाट जेवला. मी परसात जाऊन स्वतःची बोटं चाटून पाहिली. कडू. गोळ्यांची पावडर नखांत आणि कातड्यात बसते. साबण लावला, राख लावली, चिंच चोळली, जात नाही. मी स्वतः रोज याच हातानं जेवते, त्यामुळे मला कळायचं बंद झालं होतं.

इथलं काय सांगू? लघवीला जायचं तर बिल्ला घेऊन जावं लागतं, आणि सगळ्या पट्ट्यावर मिळून बिल्ला एकच. तो चंपाबाईच्या कमरेला असतो. ही आमची मुकादमीण. स्वतः नातवंडांची आजी आहे, पण ठेकेदारासाठी पोरींच्या पोटावर नजर ठेवते. बिल्ल्यासाठी तोंड वेंगाडायला नको म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत.

माझ्या खोलीत सुप्रिया म्हणून एक होती, कापडे गावची. तिनं वैशाखात गुपचूप लग्न केलं होतं. परवा चंपाबाईनं तिला सगळ्यांपुढे सरळ उभी राहा म्हटलं, पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘उद्यापासून येव नुको.’ एवढंच. सुप्रियानं टोपी आणि एप्रन काढून घडी घालून ठेवला. आम्ही कोणी मान वर केली नाही. मीही नाही. कायम करायच्या पोरींची नावं चंपाबाईच सुचवते, आणि माझं नाव तिच्या तोंडी आहे म्हणतात.

बोटांना काय लावावं ते तुम्हाला सुचलं तर कळवा.

ज्योती

०

वरची वाडी, उमरठ
१८ डिसेंबर १९९७

चि. सौ. ज्योतीस,
आशीर्वाद.

आपल्याकडे लेकराचं पिणं तोडायचं तर आया स्वतः कडू लावतात. तुला कंपनीनं लावून दिलं, तेवढी मेहनत वाचली. बोटांना खोबरेल चोळून बघ. नाहीतर पुढच्या वेळी चमच्यानं भरव, शहरातल्या बायका भरवतात तसं.

मधे लिहायला झालं नाही. भात कापणी होती आणि गणूच्या अंगावर खरूज उठली. पाठ आणि मांड्या, सगळीकडे. कडुलिंबाचा पाला उकळून झाला, दवाखान्यातलं मलम झालं. आई म्हणते सवच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ घाला, तिच्या लहानपणी तिची तिथेच बरी झाली. तर संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्याला घेऊन सवला येते. तुला महाडहून जवळ आहे आणि तुझी सुट्टीही त्याच दिवशी. ये तू. निदान त्याला अंघोळ तुझ्या हातानं घाल. अंगाला काही कडू लागत नाही.

चालायला लागलाय तो आता. पडतो आणि आजूबाजूला बघतो, कोणी बघितलं असेल तरच रडतो. बापावर गेलाय.

तुळसा

०

बिरवाडी
१३ जानेवारी १९९८

वन्सं,

रागात लिहिते आहे. नंतर लिहिलं असतं तर राग गेला असता, आणि तो जायला नको आहे.

मी कुंडाच्या काठावर गणूच्या अंगाला तेल लावत होते. किती दिवसांनी तो माझ्या मांडीवर पालथा पडला होता. तेवढ्यात मागून चंपाबाई आली, आपल्या सुनेला घेऊन. तीही आंघोळीलाच आली होती. ‘कोनाचा गो पोर ह्यो?’ मी म्हटलं, ‘ताईचा.’ तोंडातून निघून गेलं, विचार करायला वेळच नव्हता. तिनं विचारलं, ‘कुठं हाय ताई?’ तेव्हा तुम्ही पाण्यातून वर आलात, माझ्या मांडीवरून त्याला उचललंत आणि म्हणालात, ‘माझाच हाय.’ आणि त्यानं तुमच्या गळ्यात हात टाकून म्हटलं, ‘आई.’

तुमच्या गळ्यात मंगळसूत्र, माझा गळा मोकळा. चंपाबाईला पटायला आणखी काय हवं होतं? हसून गेली. माझी नोकरी वाचली. याबद्दल तुमचे उपकार मानायला हवेत.

पण वन्सं, तुम्ही ज्या आवाजात ‘माझाच’ म्हणालात तो कोणाची नोकरी वाचवण्याचा आवाज नव्हता. आणि त्याला तुम्हाला आई म्हणायला कोणी शिकवलं? वाडीत आणखी कोणी नाही शिकवायला. मी तुमच्या पदरात मूल सांभाळायला दिलं होतं, ओटीत घातलं नव्हतं. स्वतःची कूस रिकामी म्हणून माझी रिकामी करू नका.

मी इथे उभी राहून पायांच्या शिरा फुगवते आहे ती त्याच्यासाठी. तो मला आई म्हणणार नसेल तर हे सगळं कशाला?

ज्योती

०

वरची वाडी, उमरठ
२७ जानेवारी १९९८

चि. सौ. ज्योतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र एकदाच वाचलं. तेवढं पुरलं.

रिकाम्या कुशीचं माझी सासू बोलून गेली आहे, तिच्याआधी शेजारीण, तिच्याआधी खुद्द नवरा. तू काही नवीन शोधून काढलं नाहीस. फक्त त्यांच्या घरची पोरं मी वाढवत नव्हते.

मी त्याला आई म्हणायला शिकवलं नाही. पलीकडच्या घरची पोरं आई म्हणून ओरडतात आणि ती बाई वळून बघते. हे त्यानं पाहिलं. एक दिवस त्यानंही हाक मारली आणि मी वळून बघितलं. दोन पायांचं माणूस हाक मारतं तेव्हा बघावं लागतं. नाही म्हणून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, कारण मला ते गोड लागलं. आवाजाचं म्हणशील तर तेही खरं आहे. तू ‘ताईचा’ म्हणालीस तेव्हा तू खोटं बोललीस. मी ‘माझाच’ म्हणाले तेव्हा मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

पण तुझं मूल तुझं. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, हे मला कळतं. तुझा आणि रावजीचा लग्नातला फोटो भिंतीवरून खाली काढलाय. रोज त्याला पुढे घेऊन बसते. ही कोण? आई. मी कोण? आत्या. बरोबर म्हणाला की गुळाचा खडा. मला चुकून आई म्हणाला की मी ओ देत नाही.

काल तो अंगणात पडला, गुडघा फुटला. आई आई म्हणून मला हाका मारत होता. मी दाराआड उभी राहिले. माझी आई ओरडत होती, ‘गो तुळसा, पोर रगतानं भरलाय, कान फुटलं काय तुझं?’ मी हलले नाही. शेवटी तो आत्या म्हणाला, तेव्हा बाहेर गेले आणि त्याला उचलला.

तुला हेच हवं होतं ना? होतंय ते. पी हळद आणि हो गोरी असं मात्र होत नसतं, थोडा वेळ दे.

तुळसा

०

बिरवाडी
२१ मे १९९८

ती. वन्संना,
पाया पडते.

मागच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीवरच अडायचे. तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं. तो पडल्याचं वाचून तुमच्यापेक्षा मलाच जास्त लागलं. शिमग्याला सुट्टी मिळाली नाही, नाहीतर समोर येऊन पाया धरले असते.

आता एक मागणं आहे. ऐकून हसू नका.

पुढच्या आठवड्यात सरकारी मॅडम कंपनी तपासायला येणार आहेत. कायदा असा आहे म्हणे की इतक्या बायका कामाला असल्या की त्यांच्या पोरांसाठी कंपनीत पाळणाघर हवंच. आमच्याकडे खोके ठेवायची एक खोली आहे. ती रिकामी करून तिला गुलाबी रंग दिला, भिंतीवर ससे काढले. पाळणा गावातल्या देवळातून आणलाय, जन्मोत्सवाचा, झुरमुळ्या लावलेला. सगळं झालं, पण पोरं नाहीत. असणार कुठून? पोरवालीला ठेवतच नाहीत. आणि रिकामी खोली दाखवली तर मॅडम विचारणार, इतक्या बायकांत एकीलाही पोर नाही हे कसं?

म्हणून चंपाबाईनं तीन-चार पोरं एका दिवसापुरती गोळा करायचं घेतलंय. बिल्ला देताना मला थांबवून म्हणाली, ‘तुझ्या ताईचा पोर हाय ना गो, सवला बगितलेला? त्याला आन. यादीत तुझा नाव वर लागंल.’ तिची सून त्या पोरांची आई म्हणून खोलीत बसणार आहे.

मी हो म्हटलं. वन्सं, कायमची यादी याच महिन्यात ठरते आहे. आणि खरं सांगू, एक दिवस तो माझ्या जवळ असेल, मी जिथे उभी राहते तिथून दोन दारं पलीकडे. हा विचार करूनच माझे हात भराभर चालायला लागले. शुक्रवारी सकाळी त्याला गेटवर आणाल का?

ज्योती

०

वरची वाडी, उमरठ
२५ मे १९९८

चि. सौ. ज्योतीस,
आशीर्वाद.

हसू नका म्हणालीस, तर नाही हसत. ज्या दारात पोरवाली नको त्याच दारात पोर उसनं हवं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत आहे तुमच्या कंपनीची. आणि देवालाही कामाला लावलंत तुम्ही, त्याचा पाळणा नेऊन.

आणते त्याला. गाडी कापड्यापासूनच मिळेल, तिथवर चालत येऊ. मी गेटबाहेर बसेन झाडाखाली.

तुला एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. त्याचं आता पक्कं झालंय. फोटो काढला की बोट ठेवतो आणि आई म्हणतो, मी न विचारता. मला आत्या म्हणतो, अगदी झोपेतसुद्धा. तुला बघितल्यावर म्हणेल बघ. माझी एवढ्या महिन्यांची मेहनत तू आपल्या कानांनी ऐक.

तुळसा

०

वरची वाडी, उमरठ
१९ जून १९९८

चि. सौ. ज्योतीस,
आशीर्वाद.

पत्र नाही, निरोप नाही. त्या दिवशी आत काय झालं?

सकाळी गेटवर तू त्याला घेतलंस तेव्हा तो तुझ्या टोपीला हात लावून हसत होता. दुपारनंतर चंपाबाईच्या सुनेनं त्याला बाहेर आणून माझ्याजवळ दिला. अंगात नवा सदरा, हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. गाडीत एक शब्द बोलला नाही. कापड्यापासून वर चढताना कडेवर घे म्हणाला नाही, बोट धरून चालत आला. एवढंसं पोर चढ चालून आलं.

तेव्हापासून फोटो काढला की उठून शेळ्यांकडे जातो. रागावले, गूळ दाखवला. गुळालाही येत नाही. ताप नाही, खरूज परत नाही. कोणी मारलं का त्याला तिथे? काही खायला घातलं का? मला लिही. जे झालं असेल ते लिही, मी काही चुलीत उडी घेत नाही.

तुळसा

०

बिरवाडी
९ ऑगस्ट १९९८

ती. वन्संना,
पाया पडते.

त्याला कोणी मारलं नाही. लिहायला उशीर केला कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र मला तपासणी होऊन गेल्यावर मिळालं. आधी मिळालं असतं तर मी त्याला आत नेलाच नसता, असं मी स्वतःला सांगते. खरं सांगायचं तर तुम्ही शिकवताय हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, तो तिकडे, मी पट्ट्यावर.

मॅडम पाळणाघरात गेल्या. पोरं पाळण्याभोवती बसवली होती. त्यांना सगळं आवडलं. मग त्या म्हणाल्या, चला, यांची आई कुठे काम करते ते बघू. चंपाबाईची सून गणूला कडेवर घेऊन त्यांच्यामागून पट्ट्यावर आली. मागे मॅनेजर, ठेकेदार, सगळे. मी टोपी आणि तोंडाला फडकं बांधून उभी होते. फक्त डोळे दिसत होते, वन्सं. त्यानं डोळ्यांवरून ओळखलं. तिच्या कडेवरून घसरत खाली उतरला, पळत आला आणि माझ्या एप्रनला मिठी मारून म्हणाला, ‘आई.’

किती महिने मी या एका शब्दासाठी थांबले होते. तो आला तेव्हा ठेकेदार माझ्याकडे बघत होता.

मॅडमनी विचारलं, ‘हा तुम्हाला आई म्हणतोय?’ मी म्हटलं, ‘बहिणीचा आहे मॅडम. मावशी म्हणता येत नाही अजून, सगळ्यांनाच आई म्हणतो.’ त्या हसल्या. सगळे हसले. पण तो सोडेना. परत म्हणाला, ‘आई.’ तुम्ही पक्कंच केलं होतं त्याचं. मी खाली वाकून त्याची बोटं एप्रनवरून सोडवली आणि चंपाबाईच्या सुनेकडे दाखवून म्हटलं, ‘मी नाही रे. ती बघ तुझी आई.’

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला निदान उचलता येतं.

मॅडमनी त्याच्या गालाला हात लावला आणि शेरा चांगला दिला. संध्याकाळी पाळणा देवळात परत गेला. खोलीत आता पुन्हा खोके आहेत, सशांच्या उंचीपर्यंत.

आणि मी कायम झाले. ठेकेदार म्हणाला, ‘तुझ्या ताईच्या पोरानं लाज राखली.’ पण कायम करताना आम्हा पोरींकडून लिहून घेतलंय, लग्न झालं की नोकरी सोडू. तुमच्या बंधूंना कळवलं तर ते म्हणतात, मग आता एवढ्यात सांगू नकोस, आणखी दम धर.

मी ठरवलं आहे. वेगळी खोली बघून ठेवली आहे. गणूला इथे आणते, ताईचा मुलगा म्हणून. कोणाला संशय यायचा नाही, चंपाबाईनं तर त्याला बघितलेलाच आहे. फक्त त्यानं मला मावशी म्हणायला हवं. वन्सं, तुमच्याकडे परत हे मागताना मला शरम वाटते, पण तुमच्याशिवाय कोण करणार? फोटो दाखवून त्याला मावशी शिकवा. माझ्याजवळ असेल एवढं मला पुरे आहे. काय म्हणतो याचा हट्ट मी सोडला.

ज्योती

०

वरची वाडी, उमरठ
२४ ऑगस्ट १९९८

कु. ज्योतीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू ठेकेदारापुढे काय बोललीस त्याचा मी न्याय करत नाही. उद्या तुला काढली असती तर रावजी तुला पोसणार नव्हता आणि आम्हीही नाही. तुला नोकरी हवी होती, ती मिळाली. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणायचं.

मलाच वाटत होतं की मी चांगलं करतेय. पोराला त्याची आई दाखवतेय. मी नसतं शिकवलं तर तो त्या दिवशी कोणाच्या तरी कडेवर गप्प बसून बिस्किटं खाऊन परत आला असता.

तू सांगितलंस म्हणून मावशी शिकवायला बसले. काल ऊन पडलं होतं, शेळ्या बाहेर सोडल्या आणि त्याला ओटीवर घेतला. तो उठून जायला लागला तेव्हा हात धरून बसवला. फोटो पुढे ठेवला आणि आधी नेहमीसारखं विचारलं, ‘ही कोन रं?’ मला भीती होती की तो आई म्हणेल, आणि माझ्याच तोंडानं मला ते खोडावं लागेल.

तो म्हणाला, ‘कोन नाय.’

मी पुन्हा विचारलं. तेच. मग मी फोटो पालथा घातला आणि विचारलं, ‘बरं, मी कोन?’ हाही खेळातलाच प्रश्न, त्याला पाठ आहे. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. ज्योती, त्याचा गुडघा फुटला तेव्हा मी दाराआडून बघत उभी होते ना, तसं बघितलं.

‘कोन नाय.’

हे मी शिकवलं नाही आणि तूही शिकवलं नाहीस, असं आपण दोघी म्हणू शकतो. त्यात काय अर्थ आहे?

तो जेवतो, खेळतो, शेळ्यांना नावं देऊन हाका मारतो. माणसांना हाक मारत नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभा राहतो, कोणी बघेपर्यंत.

तेव्हा मावशी म्हण, आत्या म्हण, तुला जे व्हायचं असेल ते आता इथे येऊन हो. माझ्याच्यानं यापुढे शिकवणं होणार नाही. सुट्टी मिळाली की ये. पोलादपूरच्या स्टँडवर मंगळसूत्र घालायचं ते म्हातारीपुरतं घाल. पोरगा आता कोणाच्या गळ्याकडे बघत नाही.

तुळसा